अशोकाच्या पालवीवरचं हिरवं फुलपाखरू: टेल्ड जे शोधावं कसं, वाढवावं कसं

मुंबईत फुलपाखरं पाहायची म्हटलं की लोक बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची नाहीतर ठाण्याच्या ओवळेकर वाडीची वाट धरतात. तिथे जरूर जावं. पण एका अतिशय देखण्या हिरव्या फुलपाखरासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. सोसायटीच्या भिंतीला लागून अशोकाची जी उंच रांग उभी असते, तिच्यातच ते जन्माला येतं, वाढतं, पुन्हा तिथेच अंडी घालायला येतं. त्याचं नाव टेल्ड जे.

हे फुलपाखरू मुंबईत दुर्मीळ नाही. तरी वर्षानुवर्षं त्याच आवारात राहणाऱ्या माणसांनी ते पाहिलेलं नसतं, कारण ते फार वेगाने आणि बरंच उंचावरून उडतं. हिरवं काहीतरी सटकन गेलं एवढंच कळतं. म्हणून पहिल्यापासून एक सवय लावून घ्या: फुलपाखरामागे धावायचं नाही, झाडाच्या पालवीवर नजर ठेवायची. पालवी वाचता आली की अंडं सापडतं, अंडं सापडलं की पुढचे पाच आठवडे हे फुलपाखरू तुमच्या डोळ्यांसमोर असतं.

फुलपाखराची ओळख

टेल्ड जेचं शास्त्रीय नाव ग्राफियम आगामेम्नॉन. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याची नोंद केली. लिंबू आणि कढीपत्त्यावर वाढणारं लाइम फुलपाखरू किंवा २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन ज्या पॅपिलिओनिडी कुळातलं, त्याच कुळातलं हे. पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत साधारण साडेआठ ते दहा सेंटीमीटर भरतात. वरची बाजू काळी आणि तिच्यावर पोपटी-हिरवे ठिपके, काही गोल, काही लांबट. पंख मिटल्यावर दिसणारी खालची बाजू तपकिरी, तिला जांभळट-गुलाबी झाक, आणि तेच हिरवे ठिपके तिथेही उमटलेले. मागच्या पंखाला छोटी शेपटी असते. मादी नरापेक्षा मोठी आणि तिची शेपटीही अधिक लांब.

ओळखण्याची सगळ्यात खात्रीची खूण मात्र त्याचं वागणं. एक्झोरा, घाणेरी, पेंटास यांच्या फुलांवर ते मध प्यायला येतं, पण पीत असतानाही पंख फडफडवणं थांबवत नाही. बाकीची फुलपाखरं फुलावर बसतात, हे फुलाला लटकून उडत राहतं. त्यामुळे फोनवर साधा फोटो काढलात तर पंख पुसट येतात. स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि त्यातलं स्पष्ट चित्र निवडा. सकाळी ऊन कोवळं असताना ते कधीकधी पानावर पंख उघडून शेकत बसतं. नीट फोटो मिळायची तीच वेळ.

याच झाडांवर त्याचा एक भाऊबंद वाढतो, कॉमन जे. त्याचा रंग फिकट निळसर-हिरवा, पंखांच्या मधोमध रुंद पट्टा, आणि शेपटी नाही. उडताना दोघांची गल्लत होते, बसल्यावर शेपटी पाहिली की शंका उरत नाही. अळी लहान असताना या दोघांतला फरक ओळखायची घाई करू नका. वाढू द्या, पंख आले की कळेल.

हिरव्या रंगाबद्दल थोडं सांगायला हवं. फुलपाखरांचा रंग सहसा पंखांवरच्या बारीक खवल्यांत असतो. ग्राफियम वंशातल्याच कॉमन ब्लूबॉटलच्या निळ्या-हिरव्या पट्ट्यावर मात्र वरच्या बाजूने खवले नसतात, रंग पंखाच्या पातळ पडद्यात मुरलेल्या पित्तवर्गीय रंगद्रव्यातून येतो. हा पडदा किती नाजूक असतो हे एकदा लक्षात आलं की फुलपाखरू चिमटीत धरायचा मोह होत नाही. धरूही नये.

झाड कोणतं

मुंबईत ज्याला सगळे सरसकट अशोक म्हणतात तो आसुपालव, म्हणजेच खोटा अशोक. सरळसोट उंच, फांद्या खोडालगत खाली झुकलेल्या, पानं लांब, चकचकीत आणि कडांना नागमोडी. केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येणारा सीतेचा अशोक हे पूर्ण वेगळं झाड आहे, त्याच्यावर टेल्ड जे शोधत बसू नका.

आसुपालव हा सीताफळाच्या कुळातला. म्हणूनच टेल्ड जेची अळी सीताफळ, रामफळ आणि लक्ष्मणफळाची पानंही खाते. हिरव्या चाफ्यावर ती असते आणि सोनचाफ्यावरही. वाडीत किंवा जुन्या बंगल्याच्या आवारात यांपैकी एखादं झाड असेल तर तेही तपासा. पण मुंबईत संख्येच्या बळावर आसुपालवच पुढे आहे. शाळांची मैदानं, सरकारी वसाहती, हॉस्पिटलांची आवारं, सोसायट्यांची कुंपणं, सगळीकडे तो रांगेने लावलेला आहे. सरळ वाढतो आणि जागा कमी अडवतो म्हणून माणसांनी लावला, पण या लागवडीचा फायदा टेल्ड जेला भरभरून मिळाला. जंगलातलं फुलपाखरू शहरात आनंदाने नांदतं याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पालवी वाचायला शिका

आसुपालवाचं नवं पान फुटतं तेव्हा ते तांबूस-तपकिरी, मऊ आणि लोंबतं असतं. मग ते फिकट पोपटी होतं, हळूहळू ताठ होत जातं आणि शेवटी गडद हिरवं, जाड, चिवट बनतं. मादीला अंड्यासाठी हवं असतं ते पहिल्या दोन टप्प्यांतलं पान. कारण साधं आहे. अंड्यातून निघालेली अळी तीन मिलिमीटरच्या आसपास असते आणि तिच्या जबड्यांना जुनं पान चावत नाही. कोवळं पान नसेल तर ती उपाशी मरेल.

म्हणून आवारात फिरताना उंच शेंड्यांकडे पाहत मान दुखवून घेऊ नका. खाली बघा. छाटणी झालेल्या झाडाच्या बुंध्यावरून नवे धुमारे फुटतात, तिथे. झाडाखाली पडलेल्या बियांतून उगवलेल्या गुडघाभर रोपांवर. कुंपणात दबून राहिलेल्या, कोणी लक्ष न दिलेल्या फांद्यांवर. मादी उंचावरही अंडी घालते, पण आपल्याला दिसू शकतील ती छातीच्या उंचीखालचीच, आणि लहान रोपांवर ती वारंवार सापडतात.

मुंबईत हे फुलपाखरू वर्षाच्या बहुतेक महिन्यांत भेटू शकतं. नवशिक्याने मात्र पावसाळ्यात सुरुवात करावी. पहिल्या दमदार पावसानंतर पालवीला जोर येतो आणि पुढे दिवाळीपर्यंत काही ना काही सापडत राहतं. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते. ती झाल्यावर जे धुमारे फुटतात, ते पहिल्यांदा तपासायचे.

अंडं कसं दिसतं

ऊन वर आल्यावर, सकाळी नऊ-दहानंतर, अशा धुमाऱ्यांजवळ शांत उभे राहा. अंडी घालायला आलेली मादी एरवीसारखी भरधाव नसते. ती झाडाभोवती हळू घिरट्या घालते, एका पानाला पाय लावून सोडून देते, दुसऱ्याला लावते. फुलपाखरांना पायांनी चव कळते, आणि पान योग्य आहे की नाही ते ती असंच तपासत असते. पसंत पडलं की पोटाचं टोक वळवून पानाला टेकवते आणि क्षणात निघून जाते. ती कुठे टेकली ते पान डोळ्यांत ठेवा.

अंडं एकेकटं असतं, बहुधा कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला. गोल, गुळगुळीत, फिकट पिवळसर, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. दोन-तीन दिवसांनी त्याचा रंग गडद होऊ लागला की आतली अळी तयार होत आहे असं समजा. तीन-चार दिवसांत ती बाहेर येते आणि पहिलं जेवण म्हणून अंड्याचं कवच खाते. ते खाताना तिला पाहायचं असेल तर एक साधं भिंग जवळ ठेवा. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग या कामाला पुरेसं आहे.

अंडं काळं पडून तसंच राहिलं, किंवा त्याला अगदी बारीक भोक दिसलं पण अळी नाही, तर बहुधा त्यात एखाद्या सूक्ष्म परजीवी गांधीलमाशीने आपलं अंडं घातलेलं असतं. हे वरचेवर घडतं आणि त्यात आपल्याला काही करायचं नसतं.

अंडं सापडलेल्या फांदीला लोकरीचा रंगीत धागा सैल बांधून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी एवढ्या पानांत ते पुन्हा सापडणं अवघड होतं.

अळीचे पाच टप्पे

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. पहिल्या अवस्थांत ती काळपट-तपकिरी असते, शेपटीकडचा भाग पांढुरका, अंगावर बारीक काट्यांसारखे उंचवटे. नवख्या माणसाला ती पानावरची घाण वाटते, आणि पक्ष्यांनाही तसंच वाटत असावं. पुढे रंग उजळत जातो आणि शेवटच्या अवस्थेत ती स्वच्छ हिरवी होते, चार सेंटीमीटरच्या आसपास लांब. छातीकडचा भाग फुगीर, मागे निमुळतं होत गेलेलं अंग. अंगावर आखूड काट्यांच्या चार जोड्या असतात: तीन छातीवर, एक शेपटीच्या टोकाला. छातीवरच्या तिसऱ्या जोडीला पिवळसर-केशरी छटा असते. हे काटे टोचत नाहीत, विषारीही नाहीत.

ती बहुधा पानाच्या मधल्या शिरेवर, स्वतः विणलेल्या रेशमाच्या पातळ गादीवर विसावलेली असते. खाण्यापुरती कडेला जाते आणि परत येते. त्यामुळे कुरतडलेली कड दिसली तर अळी त्याच पानाच्या मधोमध किंवा शेजारच्या पानावर असते. खालच्या पानांवर पडलेली बारीक काळपट विष्ठा हा दुसरा माग. विष्ठा ताजी असेल तर मान वर करा, अळी सरळ वरच असेल.

तिला डिवचलं तर डोक्यामागून एक दुभंगलेला मऊ अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि छोट्या माश्यांना पळवून लावायची ही तिची सोय. कढीपत्त्यावरच्या लाइमच्या अळीचा हा अवयव तांबूस-केशरी असतो, टेल्ड जेचा फिकट हिरवट. मुलांना हे दाखवायची फार हौस येते, पण एकदा पाहिलं की पुरे. प्रत्येक वेळी तिची शक्ती खर्च होते.

आता महत्त्वाचा मुद्दा: अळी झाडावरच राहू द्यायची की घरी आणायची? माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या आवारात धुराची फवारणी होणार नसेल, माळी आठवड्याभरात छाटणी करणार नसेल, तर ती तिथेच असू द्या आणि रोज पाहायला जा. दयाळ, शिंपी, बुलबुल, सरडे, कोळी, प्रार्थनाकीटक हे सगळे तिच्यावर जगतात. बहुतेक अळ्या फुलपाखरू होण्याआधीच कोणाचं तरी खाणं होतात, तेही याच झाडाच्या जगण्याचा भाग आहे. घरी आणायचीच असेल तर एक किंवा दोन आणा. आणि राष्ट्रीय उद्यानातून, कोणत्याही संरक्षित जंगलातून अंडं, अळी, कोष काहीही उचलू नका. तिथे ते कायद्याने मना आहे.

घरी वाढवायची असेल तर

एक रुंद तोंडाची पारदर्शक बरणी किंवा जुना प्लास्टिकचा डबा घ्या. निदान तीस सेंटीमीटर उंच असावा, कारण शेवटी फुलपाखराला पंख खाली सोडून लटकायला जागा लागते. तोंडाला मच्छरदाणीचं कापड किंवा मलमल बांधा. घट्ट झाकण नको. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत बंद डब्यात एका रात्रीत बुरशी धरते, आणि बुरशी, कोंडलेला ओलावा आणि साचलेली विष्ठा यांनी जेवढ्या अळ्या मरतात तेवढ्या उपासमारीने मरत नाहीत. तळाला कोरडा कागद घाला आणि रोज बदला.

आसुपालवाची छोटी डहाळी औषधाच्या लहान बाटलीत पाण्यात उभी करा. बाटलीचं तोंड कापसाने किंवा फॉइलने नीट बंद करा. हे विसरलात तर अळी देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडते. पहिले काही दिवस फक्त कोवळं पान द्या. अळी हिरवी होऊ लागली की थोडी जून पानंही खाते, आणि शेवटच्या आठवड्यात तिची भूक पाहून तुम्ही थक्क व्हाल. त्या दिवसांत डहाळी रोज लागते. झाड जवळ नसेल तर हा उद्योग करू नका.

डहाळी कुठून तोडता त्याकडे लक्ष द्या. कीटकनाशक मारलेल्या झाडाचं पान एका दिवसात अळीला मारतं. रस्त्याकडेचं पान असेल तर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडं करून द्या. बाजारातून आणलेल्या पानांवर विसंबू नका.

पान बदलताना अळीला बोटांनी उचलायचं नाही. ती ज्या पानावर आहे तेवढं पान कातरून नव्या डहाळीवर ठेवायचं, भूक लागली की ती आपण होऊन पुढे जाते. अळी एका जागी निश्चल बसली असेल, खात नसेल, डोक्यामागे फुगवटा दिसत असेल तर ती कात टाकायच्या तयारीत आहे. तेव्हा पान, डबा, काहीही हलवू नका. पायांनी धरलेली रेशमाची गादी सुटली तर तिला जुनी कात काढता येत नाही आणि ती त्यातच अडकून मरते.

डबा खिडकीजवळ ठेवा, पण थेट उन्हात नको. मुंग्यांसाठी डब्याखाली पाण्याची ताटली ठेवा. आणि हे सगळ्यांना आवर्जून सांगतो: ज्या खोलीत डास पळवायचं लिक्विड मशीन, कॉइल किंवा अगरबत्ती लावता, तिथे अळी ठेवू नका. डासांवर जे औषध चालतं ते अळीवरही चालतं. उंदीर-झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल होणार असेल तर डबा आधीच शेजाऱ्यांकडे पोचवा.

कोष

अंड्यातून निघाल्यापासून साधारण दोन ते अडीच आठवड्यांनी अळी खाणं सोडते. तिचा रंग थोडा पारदर्शक होतो, अंग आखडतं, शेवटची विष्ठा ओली आणि वेगळ्या रंगाची पडते. मग ती इकडेतिकडे फिरू लागते. जागा ठरली की शेपटीकडे रेशमाचा ठिपका विणून त्यात टोक रोवते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा गुंडाळते आणि टेकून बसते. साधारण एका दिवसाने शेवटची कात फाटते आणि आतून कोष बाहेर येतो. ते पाहायला मिळालं तर बाकीची सगळी कामं बाजूला ठेवा. काही मिनिटांचाच खेळ असतो.

कोष हिरवा, तीन सेंटीमीटरच्या आसपास, छातीकडून एक टोकदार शिंग पुढे आलेलं, कडांवर पिवळसर रेषा. झाडावर तो बहुधा पानाच्या खालच्या बाजूला असतो आणि पानासारखाच दिसतो, म्हणून तो शोधणं ही या सगळ्यातली सर्वांत अवघड पायरी आहे. दसऱ्याला, पाडव्याला तोरणासाठी आसुपालवाच्या डहाळ्या तोडल्या जातात. तोडण्याआधी प्रत्येक डहाळी उलटून पाहा. कोष असेल तर ती डहाळी झाडावर राहू द्या.

डब्यात कोष झाला असेल तर आता पान बदलायचं काम नाही. ज्या काडीला किंवा पानाला तो चिकटला आहे ते सुकलं तरी चालेल, फक्त ते पडू नये म्हणून दोऱ्याने बांधून घ्या. हवा फारच कोरडी असेल, म्हणजे एसी सतत चालू असेल, तर डब्याच्या तळाला ओला कापूस ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात त्याची गरज पडत नाही.

कोषातला काळ बारा-चौदा दिवसांचा, थंडीत जरा जास्त. कोष मधेच तपकिरी-काळा पडला, हलका वाटू लागला किंवा त्याला भोक दिसलं, तर आत परजीवी माशी किंवा गांधीलमाशी होती. अळी मोठी झाल्यावर बाहेरून आणली असेल तर हे जास्त वेळा होतं, अंड्यापासून घरात वाढवलेलीत क्वचित.

पंख फुटण्याचा दिवस

शेवटच्या एक-दोन दिवसांत कोषाचं हिरवेपण जातं आणि आतून काळे पंख व त्यांवरचे हिरवे ठिपके स्पष्ट दिसू लागतात. त्या दिवशी लवकर उठा. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं. बाहेर आल्यावर पंख छोटे, सुरकुतलेले, ओले असतात. ते लगेच वर चढून लटकतं आणि शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलत राहतं. पंख हळूहळू उलगडतात आणि मग तास-दोन तास सुकत राहतात. मधेच लालसर-तपकिरी थेंब पडतात. ते रक्त नाही, कोषातल्या दिवसांत साठलेला निचरा असतो.

या वेळी त्याला हात लावायचा नाही, डबा हलवायचा नाही, पंखा जोरात ठेवायचा नाही. चढायला खडबडीत काडी आधीच लावून ठेवा. गुळगुळीत प्लास्टिकवरून ते घसरतं, आणि पंख पूर्ण उलगडण्याआधी पडलं तर ते कायमचे वाकडे राहतात.

पंख सुकले आणि ते फडफडू लागलं की डबा उघडा. सोडण्यासाठी ऊन असलेली वेळ निवडा आणि ज्या आवारातून आणलं त्याच आवारात सोडा. बाहेर पाऊस कोसळत असेल तर दुपारपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही, पहिल्या दिवशी त्याला फारशी भूक नसते. मात्र रात्री सोडू नका.

बाल्कनीत त्याच्यासाठी झाड

ग्रिलमध्ये दिवसाला चार-पाच तास ऊन येत असेल तर कुंडीतही टेल्ड जे येऊ शकतं. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आसुपालवाचीच बी. पावसाळ्यात याची फळं पिकून काळपट-जांभळी होतात, वटवाघळं आणि कोकीळ ती खाऊन बिया खाली टाकतात. ताज्या बिया उचला आणि लगेच मातीत लावा, वाळवून ठेवलेल्या बिया उगवत नाहीत. एका मोठ्या कुंडीत तीन-चार रोपं एकत्र वाढू द्या. पावसाळ्याआधी शेंडे खुडले की भरपूर धुमारे फुटतात.

फुलंही हवी असतील तर कलमी सोनचाफा घ्या. त्याच्या पानांवर अळी दिसली तर घाबरून औषध मारू नका. कुंडीतल्या झाडाला एक-दोन अळ्यांनी काही होत नाही, पानं पुन्हा फुटतात. सीताफळाचं रोपही बियांपासून सहज होतं. शेजारी एक्झोरा किंवा पेंटासची कुंडी ठेवा, म्हणजे मोठ्या फुलपाखरालाही यायला कारण राहतं. घाणेरी लावू नका. ती फुलपाखरांना आवडते हे खरं, पण ती परदेशातून येऊन आपली रानं व्यापून बसलेली वनस्पती आहे, आणि पक्ष्यांकरवी तिच्या बिया दूरवर जातात.

छाटणी, फवारणी आणि सोसायटीची कमिटी

मुंबईत झाड तोडायला आणि छाटायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. त्यामागे १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. छाटणीची तारीख सेक्रेटरींना आधीच कळलेली असते. ती त्यांच्याकडून घ्या. आदल्या दिवशी खालच्या फांद्या तपासा, आणि अळी किंवा कोष असलेली डहाळी छाटली जाणारच असेल तर ती शेजारच्या झाडाला सुतळीने बांधा. छाटणीला विरोध करायचं कारण नाही. नीट केलेल्या छाटणीतूनच नवी पालवी येते. मागायचं एवढंच: रांगेतली सगळी झाडं एकाच दिवशी साफ करू नका, दोन-तीन झाडांचे बुंध्यालगतचे धुमारे ठेवा. माळीदादांना अळी आणि कोष एकदा दाखवले की ते आपण होऊन जपतात, कमिटीच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. झाडाखाली उगवलेली रोपं गवताबरोबर उपटू नका, हेही त्यांना सांगा.

डासांसाठीची धूरफवारणी टाळता येत नाही, विशेषतः डेंगी-मलेरियाच्या दिवसांत, आणि टाळावी असं मी म्हणणारही नाही. पण साचलेलं पाणी वेळेवर काढलं, टाक्या झाकल्या, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या ठेवल्या तर धुराची गरज कमी होते. फवारणीची वेळ कळली तर त्या सकाळी धागा बांधलेल्या डहाळ्यांवरच्या अळ्या घरी आणा, आणि पुढच्या चांगल्या पावसाने पानं धुऊन निघेपर्यंत घरीच ठेवा.

नोंदी

एक साधी वही करा. अंडं दिसल्याची तारीख, झाड कोणतं, पान कोणत्या टप्प्यातलं, प्रत्येक कात कधी टाकली, कोष कधी झाला, पंख कधी फुटले, नर की मादी. पाऊस होता की ऊन, तेही लिहा. जुलैतल्या आणि जानेवारीतल्या अळीला लागणाऱ्या दिवसांत फरक पडतो, आणि तो तुमच्याच आवारातल्या आकड्यांतून दिसायला लागतो. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाका, ठिकाण आणि तारीख अचूक द्या. अंडं, अळी, कोष यांचे फोटो फुलपाखराच्या फोटोइतकेच टाका, कारण फुलपाखराचे फोटो भरपूर असतात आणि कोणत्या महिन्यात कोणत्या झाडावर अंडी घातली जातात याच्या नोंदी थोड्या. सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ साजरा होतो, तेव्हा मोजणी करणाऱ्या गटांबरोबर फिरा. गोरेगावचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) शिक्षण केंद्र आणि माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ही शिकण्यासाठी चांगली ठिकाणं आहेत.

पहिल्या वर्षी एकच झाड निवडा आणि दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी तेच तपासा. काही सापडलं नाही तर वहीत तसं लिहा, तारखेसह.